काम चोरीला जायच्या आधी आपणच देऊन टाकतो: कॉपीराइटच्या या चुका टाळा

कॉपीराइटचा विषय निघाला की कलाकाराला पहिली भीती चोराची वाटते, कोणीतरी चित्र उचलेल, चाल ढापेल वगैरे. होतं तसं, नाही असं नाही. पण मी जवळून बघितलेल्या भानगडींमधे पैसा चोरामुळे कमी आणि आपणच घाईघाईत पाठवलेल्या "हो चालेल" मुळे जास्त गेलाय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वस्तू विकली की हक्क पण विकला असं समजणं. ओरिजनल चित्र ज्याने घेतलं तो ते भिंतीवर लावू शकतो, उद्या दुसऱ्याला विकू शकतो, पण त्याचे टीशर्ट किंवा कॅलेंडर छापायचे असतील तर साधारणपणे वेगळी परवानगी लागते आणि तिचे वेगळे पैसे. हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि बऱ्याचदा आपल्यालाही नसतं. नोकरीत केलेलं काम बहुतेक ठिकाणी मालकाचं, आणि ऑर्डरवर केलेल्या कामाचा नियम देशागणिक वेगळा, म्हणून काम कुठे वापरणार, किती दिवस, कुठल्या देशांत, फक्त तेच वापरणार की आपण दुसऱ्यालाही देऊ शकतो, एवढं तरी साध्या मेलवर लिहून घ्या.

कॉन्ट्रॅक्टमधे खाली कुठेतरी "सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, आत्ताच्या आणि भविष्यातल्या सर्व माध्यमांत" असं वाक्य लपलेलं असतं ना, ते खोडायला सांगा नाहीतर रेट त्या हिशोबाने लावा. कायदा आपल्या बाजूने असतोही थोडाफार, म्हणजे भारतात हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर 5 वर्षं धरतात, अमेरिकेत काही अटींवर 35 वर्षांनी दिलेले हक्क परत घेता येतात. पण मुदतीच्या जागी "कायमस्वरूपी" लिहिलेलं असताना सही ठोकली तर त्या 5 वर्षांचं काय लोणचं घालायचं?

दुसरा गोंधळ नोंदणीचा. आपलं काम पाकिटात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून ते न फोडता ठेवायचं, हा जुना तोडगा अजून लोक सांगतात. विसरा. बर्न करार हा कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार 1886 चा, त्यात 1908 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून त्या करारात कॉपीराइटसाठी कुठल्याही सोपस्काराची अट नाही, काम तयार झालं की हक्क तुमचा. पण म्हणून नोंदणी फालतू असंही नाही, अमेरिकेतल्या कामासाठी तिथल्या कोर्टात जायचं तर आधी नोंदणी लागते, आणि उशिरा केली तर भरपाईचे काही मार्ग बंद होतात. बाकी पुराव्यासाठी लेयर्सवाली फाइल, कच्ची स्केचेस, जुने ड्राफ्ट तारखांसकट जपून ठेवा. आणि हो, नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, त्यामुळे "माझी आयडिया चोरली" हे भांडण सहसा टिकत नाही.

संगीतवाल्यांनी इथे थांबून वाचा. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक चाल-शब्दांचा आणि एक रेकॉर्डिंगचा. डिस्ट्रिब्युटरकडून, म्हणजे गाणं ॲपवर चढवणाऱ्या कंपनीकडून, स्ट्रीमिंगचे पैसे यायला लागले की लोकांना वाटतं झालं सगळं, पण ते मुख्यतः रेकॉर्डिंगचे असतात. चाल-शब्दांचे पैसे गोळा करणारी सोसायटी वेगळी, तिथे मेंबर होऊन गाणं नोंदवलं नाही तर ते पडून राहतात. या सोसायट्यांची सुरुवातच मजेशीर आहे. 1847 मधे पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्ट बूर्झे नावाच्या संगीतकाराने आपलंच संगीत वाजतंय हे ऐकलं आणि बिल द्यायला नकार दिला, तुम्ही माझ्या संगीताचे देत नाही मग मी का देऊ! प्रकरण कोर्टात गेलं, तो जिंकला, आणि त्यातूनच 1851 मधे सासेम ही संस्था उभी राहिली. अजून एक, तिघांनी मिळून गाणं केलं असेल तर कुणाचे किती टक्के ते त्याच दिवशी लिहा, गाणं चाललं की प्रत्येकाची आठवण वेगळी असते.

आता आपण दुसऱ्याचं वापरतो तेव्हा. "क्रेडिट दिलंय की" म्हणजे परवानगी नव्हे, आणि 7 सेकंदांपर्यंत चालतं असा काही नियम नाही. उलट बाजूने, लाइक्सच्या नादात आपलं काम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली (सगळ्यांना वापराची परवानगी देणारी तयार लायसन्सं) टाकायच्या आधी प्रकार बघा, नुसतं नाव देण्याची अट असलेला प्रकार निवडलात तर कंपनीसुद्धा जाहिरातीत फुकट वापरू शकते, आणि ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून ते लायसन्स नंतर काढून घेता येत नाही.

आणि खरंच कुणी उचललं तर? आधी चिडून पोस्ट टाकू नका आणि लगेच टेकडाउनही, म्हणजे साइटला ती पोस्ट काढायला सांगणारी तक्रार, मारू नका. स्क्रीनशॉट, लिंक, तारीख घ्या. वापरणारा धंदेवाला असेल तर त्याला वापराची फी लावून इनव्हॉइस पाठवा, कारण टेकडाउनने पोस्ट जाते, पैसे येत नाहीत. ऐकलं नाही तर मग टेकडाउन आहेच. पण त्याआधी आपली जुनी मेल उघडून बघा, हा वापर आपणच कधीतरी देऊन बसलो नाही ना, माझ्या ओळखीच्या एकाने ऐटीत नोटीस पाठवली आणि समोरून त्याच्याच सहीचा कागद आला.