धडधाकट मुलाला दवाखान्यात कसं न्यावं

जूनमध्ये शाळा उघडली की आम्ही मुलांची उंची-वजनं घेतो आणि प्रगती पुस्तकात भरतो. एका वर्षी मी ती घेतलीच नव्हती. बाहेर पाऊस कोसळत होता, शाळेचा काटा बिघडलेला, आणि माहिती वर आजच्या आज हवी होती. मागच्या वर्षीच्या आकड्यांत कुणाला दोन, कुणाला तीन किलो मिळवले आणि कागद पाठवून मोकळी झाले. चौथीतल्या एका मुलाचं वजन त्या वर्षात वाढलंच नव्हतं, हे मला थेट पुढच्या जूनमध्ये कळलं. रक्त कमी होतं आणि पोटात जंत. वर्षभर तो वर्गात पेंगत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

नुसतं २२ किलो बघून मूल नीट वाढतंय का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मागच्या वर्षी किती होतं, ते लागतं. पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीच्या ताई दर महिन्याला वजन करतात. पहिलीत गेलं की मूल आजारी पडल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही. मधली ही दहा-बारा वर्षं घरच्यांनीच सांभाळायची आहेत. आमच्या कोकणात घरचे म्हणजे पुष्कळदा आजी-आजोबाच, कारण आईबाप मुंबईला.

आधी एक वही करा

मुलागणिक एक शंभर पानी वही. पहिल्या पानावर जन्मतारीख, जन्माचं वजन, झालेले मोठे आजार, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं, घरात कुणाला दमा, साखर, बीपी आहे ते. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स आतल्या बाजूला चिकटवा. कार्ड मुंबईच्या खोलीवर आणि मूल गावाला, असं फार बघितलंय. पुढे प्रत्येक तपासणीला एक पान. फोनमध्ये फोटो ठेवू नका असं नाही, पण फोन बदलतो. वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली की हरवत नाही.

महिना ठरवा आणि तोच ठेवा

तपासणी वर्षातून एकदा पुरे. मी दिवाळीच्या सुट्टीत न्या म्हणते. मे महिन्यात आंबे, लग्नं आणि चाकरमानी, जून-जुलैत पेरणी-लावणी, भाद्रपदात गणपती. दिवाळीपर्यंत पाऊस गेलेला असतो आणि सर्दी-खोकलाही कमी झालेला असतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, ओपीडीला गर्दी असते. रात्रभर दशावतार बघून आलेल्या मुलाला सकाळी नेऊ नका, ते डॉक्टरांसमोरच झोपेल. आणि ताप असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. भाताच्या दिवसांत लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणारा ताप आपल्याकडे नवा नाही.

खांब आणि काटा

उंची घरीच घ्या, फक्त नीट घ्या. पडवीतला सरळ खांब किंवा आतली भिंत निवडा, खाली लादी हवी, सारवलेली उंचसखल जमीन नको. चपला काढा. मुलींच्या केसांतली क्लिप, वर बांधलेला झुट्टू, अबोलीचा वळेसर सगळं उतरवा. टाचा, ढुंगण आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर सरळ समोर. मुलं हमखास हनुवटी वर करतात किंवा टाचा उचलतात, तेव्हा एकाने खाली बसून टाचा बघायच्या. मग जाड पुठ्ठ्याचं पुस्तक डोक्यावर असं धरा की त्याची एक कड भिंतीला सपाट लागेल. पुस्तकाखाली पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, मूल बाजूला करा आणि मग टेप लावा. शिंप्याचा जुना टेप ताणलेला असतो. सुताराचा पत्र्याचा मागून आणा. सकाळी मोजली असेल तर दरवेळी सकाळीच मोजा. दिवसभराच्या धावपळीने मणका दबतो आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते.

वजनासाठी अंगणवाडीचा काटा, आरोग्य केंद्राचा काटा, नाहीतर काजूबी घेणाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटाही चालतो. आमच्या वाडीतली मुलं एप्रिलमध्ये त्याच्यावरच उभी राहतात. अट एकच, दरवेळी तोच काटा आणि अंगावर तेवढेच कपडे.

आता वाचायचं कसं? पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतं आणि २ ते ३ किलो वजन घेतं. वर्षभरात ४ सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ झाली, किंवा वजन तिथेच थांबलं, उतरलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. एका आजींनी मला सुनावलं होतं, ‘ह्येचो बापूसय असोच व्हतो, बारीक.’ असेलही. घराण्याची चण असतेच. पण बारीक मूलही दरवर्षी पुढे सरकतं.

उलट बाजूही आहे. उंचीच्या मानाने वजन भराभर वाढतंय का, हे बघायला किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागतात. ३० किलो आणि १.३० मीटर असेल तर उत्तर साधारण १७.८ येतं. हा आकडा मोठ्या माणसांच्या मोजपट्टीवर लावू नका. मुलांचे तक्ते वेगळे, त्यातही मुलगे आणि मुलींचे वेगळे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने ५ ते १८ वर्षांसाठी २०१५ मध्ये सुधारलेले तक्ते बालरोगतज्ज्ञांकडे असतात. ‘तक्त्यावर ठिपका मारून दाखवा’ असं सरळ म्हणा, कुणी रागावत नाही.

शाळेत पथक येतं त्या दिवशी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या कोकणातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. पथकात पुरुष डॉक्टर असतात तशा बाई डॉक्टरही असतात, त्यामुळे मोठ्या मुलींना घरी ठेवायचं कारण नाही. जन्मतः असलेलं हृदयाचं छिद्र, ऐकू कमी येणं, तिरळेपणा, रक्तक्षय, त्वचेचे रोग, विकासातली दिरंगाई, सगळं बघतात आणि १८ वर्षांपर्यंत पुढचे उपचार मोफत होतात.

गाडं अडतं ते चिठ्ठीपाशी. मुलाला पुढे पाठवायचं असेल तर पथक चिठ्ठी देतं. ती दप्तरात तळाला जाते, चिंचेला चिकटते आणि वार्षिक परीक्षेला दप्तर झटकताना सापडते. म्हणून पथक येऊन गेलं की त्याच संध्याकाळी दप्तर उघडा. चिठ्ठी असेल तर वहीत चिकटवा आणि कुठे, कोणत्या वारी जायचं ते बाईंना किंवा आशाताईंना विचारा.

दप्तर उघडलंच आहे तर तेही काट्यावर ठेवा. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जड नको. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो.

डोळे

फळ्यावर मी ३ लिहिला की तिसरीतली एक मुलगी ८ लिहायची. शेजारणीच्या वहीत बघून लिहिलं की बरोबर. मी तिला दोन महिने ‘लक्ष कुठे असतं’ म्हणून ओरडले. मुलाला स्वतःला कमी दिसतंय हे कळत नाही, कारण सगळ्यांनाच असं दिसतं अशी त्याची समजूत असते.

घरी एवढं करा. भिंतीवरच्या कालनिर्णयापासून दहा पावलांवर मुलाला उभं करा. एक डोळा तळहाताच्या खोलगट भागाने झाका, बोटांनी नको, फटीतून बघतात. डोळा दाबायचाही नाही. तारखा वाचायला लावा. मग दुसरा डोळा. दोन डोळ्यांत फरक आला, मूल डोळे बारीक करू लागलं, मान वाकडी करू लागलं, तर खऱ्या तपासणीला न्या. दवाखान्यात अक्षरांचा तक्ता ६ मीटरवरून वाचायला लावतात. घरच्या या खेळाने नंबर कळत नाही, संशय तेवढा येतो. पण एका डोळ्याचा दोष वेळेत सापडायला तो संशय फार उपयोगाचा आहे. एका डोळ्याने कमी दिसत असेल तर मेंदू हळूहळू त्या डोळ्याचं ऐकणं सोडतो, त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत सापडला तर तो सुधारायची आशा जास्त.

त्या मुलीच्या आजीने विचारलं, ‘एवढ्याश्या चेडवाक चष्मो कशाक?’ लग्नाची काळजी नववं लागायच्या आत! चष्मा लागला तर लागला. सरकारी शालेय नेत्रतपासणीत गरजू मुलांना तो फुकटही मिळतो. नंबर मात्र दरवर्षी तपासून घ्या.

दात आणि कान

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरातले तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडेल’ म्हणतात. ती पडायची नाही, आयुष्यभराची आहे. टॉर्च लावून बघा. राखुंडी नको, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, सकाळी आणि रात्री.

कान फुटत असेल तर व्हाळात-विहिरीत पोहणं बंद, आणि कानात खोबरेल घालू नका. सारखं ‘काय?’ विचारणारं, टीव्हीचा आवाज वाढवणारं मूल कानांसाठी दाखवा. तोंड उघडं टाकून रोज घोरणारं मूलही दाखवा. नाकामागच्या गाठी वाढल्या की झोप मोडते आणि दिवसा चिडचिड होते.

रक्त, जंत आणि चहा

हिमोग्लोबिन ५ ते ११ वर्षांत ११.५ च्या खाली आणि १२ ते १४ वर्षांत १२ च्या खाली असेल तर रक्त कमी. पांढरे पडलेले तळवे, दम लागणं, माती किंवा खडू खाणं दिसलं की तपासा. पालघर-ठाण्याच्या आदिवासी वाड्यांत सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी एकदा करून निकाल वहीत लिहून ठेवा.

आपल्याकडे रक्त कमी व्हायला जंतांचा मोठा हात. अंकुशकृमी (हुकवर्म) मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मळ्यात, परसात, लावणीच्या चिखलात मुलं अनवाणीच असतात. म्हणून फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या फेरीत शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चुकवू नका. ती चावून खायची. त्या दिवशी मूल गैरहजर असेल तर नंतर मागून घ्या.

आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी लहान वर्गांत गुलाबी असते, दहा वर्षांपुढे निळी. ती जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. शी काळी झाली तर घाबरू नका, ते लोह आहे. आणि चहा! तीन वर्षांच्या पोरापासून सगळ्यांना आपल्याकडे सकाळी चहा-खारी. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही, निदान जेवणाच्या तासभर मागेपुढे तो नको. लिंबू पिळलं, आवळा किंवा पेरू दिला तर लोह चांगलं मुरतं.

पावडरचे डबे आणायची गरज नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, शेवग्याचा पाला, पेडवे, काट्यासकट खाता येणारी मांदेली, अंडं. ज्या घरात मासे-अंडी चालत नाहीत तिथे बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी बोला.

लशी

पाच ते सहा वर्षांत डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी (धनुर्वात, घटसर्प). उपकेंद्रात मोफत. मुलींसाठी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीची चौकशी ९ ते १४ या वयात करा.

डॉक्टरांसमोर

वही पुढे करा आणि सांगा, ‘आजारी नाही, तपासायला आणलंय.’ छाती, पोट, घसा यांखेरीज तीन गोष्टी आठवणीने मागा: मुलांच्या मापाच्या पट्ट्याने रक्तदाब, पुढे वाकवून पाठीचा कणा, आणि मुलगा असेल तर दोन्ही वृषण खाली उतरलेत का. टॉनिक मागू नका. लॅबचं भलंमोठं पॅकेजही नको, कारण असेल तीच तपासणी.

प्रश्न मुलाला विचारला तर उत्तर मुलाला देऊ द्या. हे आयांना सर्वांत अवघड जातं, मलाही गेलं. झोप किती होते (६ ते १२ वर्षांत ९ ते १२ तास लागते), रोज तासभर तरी धावपळ होते का, शाळेत जायला का रडतं, सात वर्षांनंतरही अंथरूण ओलं होतं का, तिसरीत जाऊनही जोडाक्षरं अडतात का, हे सगळं तपासणीतच येतं. अंथरुणाचं मात्र मुलासमोर चारचौघांत बोलू नका, चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांना द्या.

मुलीची छाती आठ वर्षांच्या आत वाढू लागली, किंवा तेरा पुरी होऊनही काहीच खूण नसली तर दाखवा. मुलग्यांत हीच वयं नऊ आणि चौदा.

घरी आलात की त्याच दिवशी पान भरा. आणि गणपतीआधी घर रंगवायला काढाल तेव्हा रंगाऱ्याला तो खांब दाखवून ठेवा. रेघांवर ब्रश फिरण्याआधी सगळ्या तारखा आणि उंच्या वहीत उतरवून घ्या.