गेमिंग सर्व्हरवर लिहिलेली कथा कुणाची?

डिस्कॉर्ड (जिथे गप्पांच्या गटांना ‘सर्व्हर’ म्हणतात ते अ‍ॅप) किंवा स्टीमवर (गेम विकणारं व्यासपीठ) पात्राची पूर्वकथा टाकली म्हणून ती त्या कंपन्यांच्या मालकीची होत नाही. लिहून झाली त्या क्षणी कॉपीराइट तुमचा. नोंदणी ऐच्छिक आहे. मात्र खातं उघडताना आपण वापराचा परवाना देऊन बसतो. अटींच्या पानावर ‘लायसन्स’ हा शब्द शोधा आणि बघा, कंपनी मजकुरात बदल करू शकते का, खातं बंद केल्यावर परवाना संपतो का.

खरी भांडणं होतात ती एकत्र रचलेल्या कथेवरून. चॅनेलवर चौघं आळीपाळीने परिच्छेद लिहितात आणि पुढे एक जण सगळं जुळवून ई-बुक काढतो. ज्याचा परिच्छेद वेगळा ओळखता येतो तो त्याचाच. सर्व्हर कुणाचाही असो, परिच्छेद लिहिणाऱ्याची परवानगी हवीच. हक्क विकत घेणार असाल तर सहीचा कागद करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

गेममधलीच पात्रं घेतली असतील तर विक्रीआधी कंपनीला विचारा. आणि मूळ मसुदा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा: तारीख आपोआप नोंदली जाते, सर्व्हर डिलीट झाला तरी मजकूर हाताशी राहतो.