सर्चलाइट चार्ज होईना? आधी एवढं तपासा
जुन्नरकडं रात्रीची लाईट असली की उसाला पाणी द्यायला जावंच लागतं. बिबट्याच्या भागात हातात सर्चलाइट नसेल तर जीव थाऱ्यावर राहत नाही. म्हणून तो चार्ज होईना की मी त्याच दिवशी उघडतो.

आधी सॉकेट बदलून बघा. मग चार्जरच्या पिनेला मल्टिमीटर लावा. ६ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी ७ च्या वर आकडा दिसायलाच हवा.

चार्जर ठीक असेल तर पीन घालायची जागा बघा. मागच्या पावसाळ्यात माझी पीन हलवली की लाल दिवा लुकलुकायचा. खोललं तर वायरचा डाग (सोल्डरचा जोड) सुटलेला, टोकाला हिरवट गंज. ब्लेडनं खरवडून पुन्हा डाग दिला, चार्जिंग सुरू.

बॅटरी फुगली असेल तर चार्जिंगला लावूच नका, बदला. फुगलेली नसेल तर पूर्ण चार्ज करून, दोन तास तशीच ठेवून मोजा. ६.४ च्या आसपास चांगली. पण लाइट लावताच ५.५ च्या खाली आली, तर ती आतून संपलीय. लिथियम बॅटरीला मात्र हे आकडे लागू नाहीत, आणि तिचा चार्जर इथं चालत नाही.

शिसे-आम्ल बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेट बसतं. वापर नसला तरी मी महिन्यातून एकदा चार्ज करतोच.