डीझेलनेटचा तक्ता उघडण्याआधी इंजिनची पाटी वाचा

धुळे-जळगाव-नंदुरबारकडून मेकॅनिकल करून एमिशनच्या, म्हणजे इंजिनच्या धुराच्या, कामात शिरू पाहणारी मुलं मला सारखी एकच गोष्ट विचारतात: ‘दादा, डीझेलनेटचं सबस्क्रिप्शन घेऊ का?’ सरळ सांगतो, नको. निदान आत्ता नको. पहिल्या नोकरीला लागेपर्यंत तुम्हाला जे लागतं, त्यातलं बरंचसं तिथे फुकट आहे आणि ते फुकटचंच कोणी नीट वाचत नाही.

डीझेलनेट ही कॅनडातून चालणारी, डिझेल इंजिनांच्या उत्सर्जनावरची माहितीसेवा आहे, नव्वदच्या दशकापासून चालू आहे. देशोदेशीच्या उत्सर्जन मर्यादा, टेस्ट सायकलची (इंजिन कोणत्या वेगाला, किती भारावर चालवून धूर मोजायचा त्या ठरीव क्रमाची) माहिती आणि बातम्या सगळ्यांना खुल्या. टेक्नॉलॉजी गाइड नावाचे सविस्तर लेख मात्र पैसे भरणाऱ्यांना, बाकीच्यांना वरचा सारांश दिसतो. त्या सारांशालाही नाक मुरडू नका. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, तिच्यावरच्या लेखांचे सारांश ओळीने वाचले तरी विषयाचा नकाशा डोक्यात बसतो.

नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं), पीएम (धुरातले कण), ईजीआर (थोडा धूर इंजिनात परत फिरवणं), एससीआर (युरिया फवारून नॉक्स कमी करणं) हे शब्द तुम्हाला माहीत आहेत असं धरून लिहितोय. नसतील तर आयसी इंजिनचं पुस्तक पुन्हा काढा, त्याला दुसरा इलाज नाही. इंग्रजीची धास्ती असेल तर ऐका: माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून, घरात अहिराणी. सुरुवातीला एक पान वाचायला अख्खी संध्याकाळ जायची. पण तांत्रिक इंग्रजीत तेच तेच शब्द फिरून येतात. शे-दीडशे शब्द पक्के झाले की गाडी चालायला लागते. सुंदर इंग्रजी बोलणारी पण तक्ता वाचता न येणारी माणसं मी पुण्यात भरपूर पाहिली.

आता मुख्य मुद्दा. मी जिथे अडकलो ते जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण दरवर्षी नवी मुलं तिथेच अडकताना बघतो.

माझी पहिली नोकरी अवधान एमआयडीसीतल्या एका जनरेटर डीलरकडे. १ जुलै २०२३ पासून डिझेल जनरेटरला सीपीसीबी-४ प्लस, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नव्या धूर-मर्यादा, लागू झालं आणि आमच्याकडे चौकशा सुरू झाल्या. शिरपूरकडचे एक काका केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर चालवतात. त्यांच्या हातात ६२.५ केव्हीएच्या जनरेटरची दोन कोटेशनं. एकात युरियाची टाकी, एससीआर, सगळा थाट. दुसऱ्यात टाकी नाही, किंमतही कमी. काका म्हणाले, ‘‘भाऊ, एकले टाकी शे, दुसराले नही. खरं कोन बोली राहिना?’’

मी डीझेलनेटवर भारतातल्या जनरेटर संचांचा तक्ता उघडला. १९ ते ५६ किलोवॅटच्या ओळीत नॉक्स आणि एचसी (न जळलेलं इंधन) मिळून ४.७ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, पीएम ०.०३. पुढची ओळ ५६ ते ५६० किलोवॅटची. तिथे नॉक्स एकट्याला ०.४०, एचसीला वेगळे ०.१९, पीएम ०.०२. आता ६२.५ केव्हीएला ०.८ पॉवर फॅक्टरने गुणलं की ५० किलोवॅट येतात. ५० हे १९ आणि ५६ च्या मधे आरामात बसतात. मग टाकीवाला खोटा? की बिनटाकीवाला काही लपवतोय? दोन्ही कंपन्या नावाजलेल्या, दोघांकडे प्रमाणपत्र. डोकं चक्रावलं.

गोम अशी की ओळ ठरते इंजिनच्या ताकदीवर, जनरेटरच्या नाही. केव्हीए हा अल्टरनेटरमधून बाहेर पडणाऱ्या विजेचा आकडा. नियमात आहे इंजिनची ग्रॉस मेकॅनिकल पॉवर. विजेचे ५० किलोवॅट काढायचे आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता ९२ टक्के धरली, तर शाफ्टवर ५४.३ किलोवॅट लागतात. ९० टक्के धरली तर ५५.६. वर रेडिएटरच्या पंख्याचा भार. म्हणजे ६२.५ केव्हीए हा संचच कुंपणावर बसलाय. एका कंपनीने इंजिन ५६ च्या आत बसवलं, ती वरच्या ओळीत राहिली. दुसरीचं इंजिन दोन-चार किलोवॅटने मोठं, ती खालच्या ओळीत गेली आणि तिला एससीआर लावणं भाग पडलं. दोघंही खरं बोलत होते.

पुन्हा सांगतो, कारण हे एकदा वाचून डोक्यात राहत नाही. केव्हीएवरून किलोवॅट काढून तक्त्यात शिरू नका. विजेचे किलोवॅट घेऊनही शिरू नका. इंजिनच्या पाटीवर किंवा टाइप अप्रूव्हलच्या (मॉडेलच्या मंजुरीच्या) कागदावर ग्रॉस पॉवर काय लिहिलीय ती बघा आणि मगच ओळ शोधा. पाटी ग्रीसने भरलेली असेल तर फडकं घ्या, पुसा. पाटी सापडत नसेल तर ‘सापडत नाही’ म्हणा, अंदाज ठोकू नका. मोठ्या संचात ही भानगड येत नाही. १२५ केव्हीएवाला निःसंशय ५६ च्या वर, तिथे बहुतेकांनी एससीआरच लावलंय. चकवा फक्त सीमेवर लागतो, आणि आपल्या भागातले जिनिंगवाले, कोल्ड स्टोरेजवाले, रायपनिंगवाले बरेचसे नेमके त्याच सीमेच्या आसपासचे संच घेतात.

त्याच पानांवर दुसरी गफलत होते ती आकड्याच्या सारखेपणाने. नॉक्स ०.४० तुम्हाला पुष्कळ ठिकाणी दिसेल: सीपीसीबी-४ प्लसमध्ये, युरोपच्या नॉनरोड (रस्त्यावर न धावणाऱ्या यंत्रांच्या) स्टेज ५ मध्ये, बीएस-६ ट्रकच्या डब्ल्यूएचएससी नावाच्या टेस्टमध्ये. पाहणाऱ्याला वाटतं सगळे एकाच मापाचे. पण जनरेटरची टेस्ट पाच मोडची (पाच टप्प्यांची) डी-२, स्थिर वेगावर. तिच्यात पूर्ण भाराला वजन फक्त ५ टक्के, ७५ टक्के भाराला २५, अर्ध्या आणि पाव भाराला ३०-३०, आणि १० टक्के भाराला १०. सरासरी काढली तर भार निम्म्याच्याही किंचित खाली येतो. ट्रकच्या डब्ल्यूएचटीसी या दुसऱ्या टेस्टमध्ये इंजिन अर्धा तास वेग आणि भार बदलत पळतं, त्यात थंड इंजिनने सुरुवातही मोजली जाते, आणि तिथली मर्यादा ०.४६ आहे. टेस्ट सायकल लिहिल्याशिवाय एकही आकडा वहीत उतरवू नका. माझ्या वहीत आकड्याशेजारी चार गोष्टी असतात: इंजिन कशाचं, कोणत्या किलोवॅट गटातलं, कोणती सायकल, कोणतं एकक.

एककावरून आठवलं. अमेरिकेचा २०१० चा ट्रकचा नॉक्स आकडा ०.२० बघून ‘त्यांचं आपल्यापेक्षा निम्मं’ असं सेमिनारमध्ये ठोकून देणारे भेटतील. ते ०.२० ब्रेक हॉर्सपॉवर-तासाला आहेत. १.३४ ने गुणा, ०.२७ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास येतात. तरीही कडकच, पण निम्मं नाही, आणि सायकलही वेगळी.

पीयूसीचं तर विचारूच नका. हायवेवरच्या पीयूसी केंद्रात डिझेल गाडीचा धूर किती दाट ते मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ एचएसयू (धुराच्या दाटपणाचं एकक) म्हणजे २.४५ प्रति मीटर, बीएस-४ ला ५० एचएसयू म्हणजे १.६२. त्याचा पीएमच्या ग्रॅमशी थेट हिशोब लागत नाही. मुलाखतीत हे दोन मिसळले तर समोरचा माणूस पेन खाली ठेवतो.

तारखांना मात्र खरंच घाबरा. तक्त्यातली तारीख उत्पादनाची, विक्रीची की नोंदणीची, हे तळटीप वाचल्याशिवाय कळत नाही. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून. त्या तारखेनंतर बीएस-४ गाडी विकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ ला सांगितलं, म्हणून तिथे शिल्लक माल खपवायची सोय उरली नाही. ट्रॅक्टरचं उलट झालं. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरसाठी ट्रेम-४ या धूर-नियमाची तारीख आधी ऑक्टोबर २०२० होती, ती ढकलत ढकलत १ जानेवारी २०२३ वर आली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये अजून जुनीच तारीख आहे, कारण पीडीएफ कोणी सुधारत नाही, फक्त पुढे ढकलतं. माझं स्पष्ट मत: ‘एमिशन नॉर्म्स ऑल इन वन’ नावाची कुठलीही फुकट पीडीएफ बघितल्या बघितल्या उडवा. चॅटबॉटने बनवून दिलेला तक्ता त्याहून वाईट, कारण तो दिसायला सुबक असतो. आणि डीझेलनेट कितीही विश्वासाचं असलं तरी तो कायदा नाही. ग्राहकाला लेखी उत्तर द्यायचं असेल तर राजपत्रातली अधिसूचना काढा, पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची भारतीय नियमांची पुस्तिका बघा.

वाचताना आपला मुलूख विसरू नका, हे मला फार उशिरा सुचलं. एससीआरच्या युरिया द्रावणावर वाचायला गेलात की उणे ११ अंशांना ते गोठतं, टाकीला हीटर लागतो, यावरच जास्त भर दिसतो. लिहिणारे थंड देशातले, त्यांची तीच डोकेदुखी. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आपला प्रश्न उलटा. ३२.५ टक्क्यांचं हे द्रावण २५ अंशांपर्यंत दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांवर सहा महिने. पत्र्याच्या शेडमध्ये बादल्या रचून ठेवणाऱ्या ग्राहकाला हे तुम्हीच सांगायचं आहे. तसंच कमी भाराचं: गरजेपेक्षा मोठा जनरेटर घ्यायचा आणि रात्रभर दोन पंखे नि चार ट्यूबलाइटवर चालवायचा, ही आपल्याकडची जुनी हौस. एक्झॉस्ट साधारण २०० अंशांच्या खाली राहिला की युरियाची फवारणी सुरूच होत नाही. मग ‘तुमची मशीनच खराब’ असा फोन येतो. मशीन ठणठणीत असते.

गुरू कोण धरावा? प्रोजेक्ट गाइडला नावं ठेवणार नाही, पण वर्कशॉपमधला जुना फोरमन मला जास्त कामाला आला. त्याला स्टेज ५ माहीत नव्हतं, पण डीपीएफ वारंवार का तुंबतो हे तो भार विचारूनच सांगायचा. असा माणूस मिळाला तर त्याच्यासोबत चहा घ्या, प्रश्न विचारा, आणि घरी येऊन तोच प्रश्न घेऊन वाचायला बसा. ‘दोन आठवड्यांत एमिशन एक्स्पर्ट’ शिकवणाऱ्या क्लासला पैसे देऊ नका. त्या पैशात पुण्याला जाऊन-येऊन चार कंपन्यांची दारं ठोठावून होतात.

सबस्क्रिप्शन कधी घ्यायचं, हे राहिलं. कॅलिब्रेशन (इंजिनची जुळवणी), आफ्टरट्रीटमेंट (धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणा) किंवा होमोलोगेशनच्या (मंजुरीच्या चाचण्यांच्या) कामाला लागलात की बघा. तेव्हाही आधी कंपनीकडे आहे का ते विचारा, असेल तर स्वतःचे पैसे कशाला घालवता? कॉलेजात असाल तर ग्रंथपालांना अर्ज द्या, विभागप्रमुखांची सही घेऊन. नकार आला तर आला. दुसऱ्याचा पासवर्ड मात्र मागू नका. याच क्षेत्रात पुढे नोकरी करायची आहे आणि हे क्षेत्र फार लहान आहे.

तोवर हे करा. घराजवळच्या एखाद्या जनरेटरची पाटी वाचून या, कोल्ड स्टोरेज असो नाहीतर पेट्रोल पंप. मालकाला आधी विचारा, बहुतेक जण ‘बघ ना भो’ म्हणतात. ग्रॉस पॉवर आणि उत्पादनाचं वर्ष लिहून घ्या, आणि त्या इंजिनला कोणत्या काळचा कोणता नियम, कोणती ओळ, कोणती सायकल लागते ते स्वतः शोधा. जुना संच असेल तर सीपीसीबी-२ निघेल, तेही छान. नोकरीच्या अर्जासोबत असं एक पान जोडलंत तर ते कसं काढलं, हे विचारायला तरी बोलावतील.