कुणाला सांगायचं, कुणाला विचारायचं: नव्या शॉप सुपरवायझरसाठी

नवा सुपरवायझर पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकतो, एकतर कडक राहायचं नाहीतर सगळ्यांशी दोस्तीत. दोन्ही फार दिवस टिकत नाही. भोसरीच्या आमच्या मशीन शॉपमध्ये एकाच पाळीत आयटीआयमधून नुकताच आलेला पोरगा असतो, लेथवर हयात घालवलेले मामा असतात, ओडिशाहून आलेला कॉन्ट्रॅक्टचा कामगार असतो आणि इन्स्पेक्शनच्या टेबलावर गेज घेऊन बसलेली ताई असते. सगळ्यांशी एकाच सुरात बोललात तर अर्ध्यांना अपमान वाटतो आणि उरलेल्यांना करायचं काय तेच कळत नाही.

मी दोन गोष्टी बघतो, त्याही माणसाच्या नाही तर त्याच्या हातातल्या कामाच्या. हे काम त्याला आज येतं का? आणि चुकलं तर सुधारता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाकडे फारसं कुणी बघत नाही. समजा शाफ्टचा बाहेरचा व्यास २५.०० मिलिमीटर हवाय, ०.०२ इकडे-तिकडे चालतं. २५.०३ निघाला तर आणखी एक कट मारून जॉब, म्हणजे मशीनवरचा तुकडा, वाचतो. २४.९७ झाला की भंगार. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, बरोबर उलटं. म्हणून नव्या पोराला पहिला जॉब मुद्दाम मोठा काढायला लावायचा: ऑफसेटमध्ये, म्हणजे टूल किती सरकवायचं ते मशीनला सांगणाऱ्या आकड्यात, ०.२० जादा टाकायचं, मोजायचं, मग खाली उतरायचं. म्हणजे त्याच्या हातून चूक व्हायला जागा राहते आणि तुम्हाला त्याच्या डोक्यावर उभं राहावं लागत नाही.

सुरुवातीला तो मायक्रोमीटरने मोजेल, आकडा मोठ्याने बोलेल, ऑफसेट तुम्ही टाका. २५.०३ आला तर वजा ०.०३ टाकायचं, आणि चिन्ह चुकून अधिकचं पडलं तर २५.०६ होईल, हे त्याने तुम्हाला सांगितलं पाहिजे, तुम्ही त्याला नाही. पुढे तो टाकेल, सायकल स्टार्ट दाबायच्या आधी तुम्ही बघा. त्यानंतर तो टाकेल आणि रजिस्टरला लिहील, तुम्ही तासाभराने नजर टाका. दर वेळी दोर सैल करताना तोंडाने सांगायचं: "उद्यापासून ऑफसेट तुझा. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलल्यावरचा पहिला जॉब मात्र मला दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही." न सांगता बाजूला झालात तर त्याला वाटतं साहेबांनी वाऱ्यावर सोडलं.

"समजलं का?" हा प्रश्न शॉपमधून हद्दपार करा. कॉन्ट्रॅक्टचा पोरगा "हाँ सर" म्हणतो, कारण नाही म्हटलं तर उद्या गेटवरून परत पाठवतील ही भीती असते. त्यापेक्षा "अब तू करके दिखा" म्हणा आणि हात मागे बांधून उभे राहा.

मामांची गोष्ट वेगळी. टूल बसलंय, म्हणजे धार गेलीय, हे त्यांना आवाजावरून कळतं, पण स्क्रीनवर प्रोग्रॅम शोधायचा म्हटलं की हात थबकतो. ट्रेनिंगला माणसाची तयारी बघून साहेबाने कसं वागायचं, या १९६९ सालच्या हर्सी-ब्लँचार्ड मांडणीचा चार खान्यांचा तक्ता दाखवतात: सांगणारा, पटवणारा, सोबत घेणारा, सोपवणारा. तक्ता वाईट नाही. पण लोक घरी गेल्यावर एकेका कामगाराला एकेका खान्यात कायमचं बसवतात. मामा कटिंगच्या बाबतीत चौथ्या खान्यात आहेत आणि स्क्रीनच्या बाबतीत पहिल्यात, एकाच पाळीत. म्हणून कटिंगचं त्यांना विचारायचं: "मामा, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) वाढवू का? आवाज कसा वाटतोय?" स्क्रीनचं शिकवायचं ते दुपारी पोरं जेवायला गेल्यावर, अहो-जाहो करत. चारचौघांत नाही. साठीच्या माणसाला पोरांसमोर "हे बटण दाबा" म्हटलं की तो पुन्हा त्या मशीनकडे फिरकत नाही.

काम उत्तम येतं पण हल्ली लक्ष नाही, असाही एकजण असतोच. त्याला कसं करायचं ते पुन्हा सांगू नका, तो आणखी चिडेल. टपरीवर चहाला घेऊन जा आणि नेमकं विचारा. "काय चाललंय?" म्हटलं की "काही नाही, साहेब" एवढंच मिळतं. "रात्रपाळी जड जातेय का? ओव्हरटाईमचं काही राहिलंय का?" असं विचारलं की माणूस बोलायला लागतो.

टूल आदळलं, जॉब पकडून फिरवणाऱ्या चकातून तो सुटला, तर चर्चा नको. "लाल बटण! बाजूला हो!" कारण नंतर, मशीन थांबल्यावर सांगायचं, पण सांगायचं नक्की. गोची अशी की काही साहेब डिस्पॅचलाही आगच समजतात. चारला गाडी लागणार म्हणून चांगल्या ऑपरेटरच्या हातातून मशीन काढून घेतात. उलट त्या वेळी त्याला पूर्ण माहिती द्या: इतके जॉब, अमुक वाजेपर्यंत, नाहीतर ग्राहकाची लाईन थांबते. आणि विचारा, दुसरं कोणतं काम बाजूला ठेवू?

हे सगळं करायला लागलात की कुणीतरी म्हणणारच, "त्याला मोकळीक, माझ्यामागे मात्र चेकिंग?" उत्तर तयार ठेवा. चष्मा सगळ्यांना, फिरत्या चकापाशी हातमोजे कुणालाच नाहीत, रजेचा नियम एक, ओव्हरटाईमची पाळी ठरलेली. यात मामांनाही सूट नाही. कमी-जास्त होतं ते फक्त चेकिंग, आणि ते कशाने कमी होईल हे त्याला सांगायचं: "सलग आठवडाभर पहिला जॉब ओके दे, मग मी येणार नाही."

दोर सैल केलेल्या पोराने एखादा लॉट घालवला तर सगळंच काढून घेऊ नका. ज्या कामात घसरला तेवढ्यातच एक पायरी मागे या. बोअरचा ऑफसेट पुन्हा तुम्हाला दाखवून टाकेल, बाहेरचा व्यास त्याच्याकडेच राहील. हे हँडओव्हरच्या रजिस्टरमध्येही लिहा, नाहीतर दुसऱ्या पाळीचा साहेब त्याला नुसतं झाडायला लावेल.