डिफर केलेल्या स्नॅगची मुदत कशी मोजायची

स्नॅग म्हणजे विमानातला बिघाड आणि डिफर करणं म्हणजे त्याची दुरुस्ती नियमात राहून पुढे ढकलणं. गोव्यातल्या मोपा विमानतळावर लाइनवर, म्हणजे उड्डाणांच्या मधल्या देखभालीवर, नवीन रुजू झालेली मुलं हटकून विचारतात, "सर, डिफर केलं, आता किती दिवस मिळाले?" माझं सांगणं एकच: आधी एमईएल, म्हणजे काय बंद असतानाही विमान उडवता येतं याची यादी, उघडा आणि तो आयटम रिमार्क्सच्या रकान्यासकट वाचा. बी कॅटेगरीला ३ दिवस, सीला १०, डीला १२०. एची मुदत रिमार्क्समध्येच दिलेली असते, कधी दिवसांत, कधी उड्डाणांत.

टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या नोंदवहीत) नोंद झाली तो दिवस मोजायचा नाही. १२ जूनला सकाळी बी आयटम नोंदवला, तर १३, १४, १५ धरा; १५ला मध्यरात्री मुदत संपली. मध्ये रविवार येवो की चवथ, दिवस थांबत नाहीत. विमान उभं असलं तरीही.

घोळ होतो तो रात्रपाळीत. १३ जूनच्या पहाटे सव्वादोनला नोंद केली, तेव्हा यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) १२ तारखेचे २०:४५ झालेले असतात. यूटीसीने मोजलं तर मुदत आपल्या १६ तारखेच्या पहाटे साडेपाचला संपते, भारतीय वेळेने मोजलं तर १६च्या मध्यरात्री. साडेअठरा तासांचा फरक! आपल्या कंपनीच्या एमईएलमध्ये कुठली वेळ धरली आहे ते पाहूनच संपण्याची तारीख लिहा, आणि ती अशी लिहा की पुढच्या स्टेशनवरच्या माणसाला गणित करावं लागू नये.

मुदत आहे म्हणजे विमान सोडता येतंच असं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वेदर रडार बंद आहे, कागदावर दिवस शिल्लक आहेत, पण जूनमध्ये कोकण किनाऱ्यावर गडगडाटी ढगांचा अंदाज असेल तर एमईएलमधली अट मोडते. एपीयू (विमान उभं असताना वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन) बंद असेल तर पुढच्या स्टेशनवर ग्राउंड पॉवर आणि एअर स्टार्ट (इंजिन सुरू करायला दाबाची हवा देणारं यंत्र) आहे का, हे फोन करून विचारा. आधीचे डिफर आयटमही बघा. दोन किरकोळ बिघाड एकत्र आले की वैमानिकावरचा ताण वाढतो.

एमईएलमध्ये आयटमला 'एम' खूण असेल तर देखभालीची कृती आधी करा, मग सही. 'ओ' (वैमानिकाने पाळायची कृती) असेल तर वैमानिकाला स्वतः सांगा. स्विचजवळ 'इनॉप'चं (चालत नाही असं सांगणारं) लेबल नीट चिकटवा, कॉकपिटच्या मंद उजेडातही दिसेल असं.

मुदतवाढ गृहीत धरू नका. ती लाइनवर ठरत नाही. स्पेअरची मागणी डिफर केल्या क्षणीच टाका. आणि सुटा भाग, माणूस, वेळ तिन्ही पहिल्याच रात्री हाताशी असतील, तर दहा दिवसांच्या आयटमचंही काम त्याच रात्री उरका.