प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाची शिकवणी: चालू धड्याआधी मागचं तपासा

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातलं मूल शिकवणीला आलं की पालक चालू धडा पुढे करतात: परवा चाचणी आहे, एवढं करून घ्या. तो धडा घ्याच, पण पहिला तास त्यात घालवू नका. या वर्षी मूल अडतं ते बहुतेक वेळा एक-दोन इयत्ता मागे राहून गेलेल्या गोष्टीवर. दशांश अपूर्णांक चुकतात कारण स्थानिक किंमत कच्ची असते, आणि शाब्दिक उदाहरणं चुकतात कारण वाचनच अडखळतं.

पहिल्या तासाला मागच्या इयत्तांची दहाच उदाहरणं द्या. त्यांत पुढची हवीतच. 'तीन लाख सात हजार चाळीस' अंकांत लिहिणं: बरोबर ३,०७,०४०, पण मधलं शून्य गाळून ३७,०४० लिहिणारी मुलं पुष्कळ. ५००३ − १७६८: उत्तर ३२३५, पण ओळीने दोन शून्यं आली की उसना कुठून घ्यायचा ते उमगत नाही. ३६१२ ÷ १२. १/३ मोठा की १/४? ०.४५ मोठा की ०.७? शिवाय चार-पाच संख्या तोंडी सांगून लिहायला लावा. मराठीत एकक आधी बोललं जातं, म्हणून त्रेपन्नचे ३५ होतात, आणि 'एकोणसत्तर'मधला सत्तर ऐकून ७९ लिहिला जातो. असं असेल तर रीत बरोबर असूनही उत्तर चुकतं, आणि मूल 'गणितात कच्चं' ठरतं.

त्याच तासाला दीडशे शब्दांचा अनोळखी उतारा मोठ्याने वाचायला देऊन तीन प्रश्न विचारा: एकाचं उत्तर उताऱ्यात सरळ सापडणारं, दुसऱ्याचं दोन वाक्यं जोडून काढायचं, तिसरा 'असं का झालं असेल?' या धाटणीचा. फक्त पहिलंच आलं, तर मूल शब्द वाचतंय, अर्थ निसटतोय. अशा मुलाला रोज दहा मिनिटं वाचन, आणि प्रत्येक परिच्छेदानंतर पुस्तक पालथं ठेवून आपल्या शब्दांत सांगणं, हा पहिला उपाय.

खोडरबर बाजूला ठेवायला सांगा. चुकलेलं एका रेघेने खोडायचं, म्हणजे चूक दिसत राहते. आपल्याला तीच हवी आहे. 'हे कसं काढलंस?' हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. तो फक्त चुकल्यावरच विचारला, तर ऐकताक्षणी मूल घाईने उत्तर बदलतं आणि विचार लपवतं.

आता भागाकार. ३६१२ ÷ १२ चं उत्तर सर्रास ३१ येतं. ३६ मध्ये १२ तीनदा, १ खाली घेतला, १२ जात नाही, म्हणून लगेच २ खाली घेतले. उत्तरात शून्य लिहायचं राहून गेलं. 'शून्य विसरू नकोस' म्हणून हे सुटत नाही. आधी अंदाज करायला लावा: ३६०० भागिले १२ म्हणजे ३००, तेव्हा उत्तर तीन अंकी हवं. भागाकाराच्या जागी तीन चौकटी काढून घ्या. रिकामी राहिलेली चौकट मुलाला स्वतःच दिसते. शेवटी ताळा: ३०१ × १२.

सगळ्यात जास्त वेळ अपूर्णांकांना द्या, कारण पुढचं प्रमाण, शेकडेवारी, बीजगणित त्यावरच उभं आहे. नेहमीची चूक १/२ + १/३ = २/५, म्हणजे अंशात अंश, छेदात छेद. लगेच समच्छेदाचा नियम सांगू नका. कागदाच्या १२ सेंटीमीटर लांबीच्या पट्ट्या कापा. १२ ला २, ३, ४, ६ यांनी पूर्ण भाग जातो म्हणून हीच लांबी. एकीचा अर्धा भाग ६ सेंमी, दुसरीचा तिसरा भाग ४ सेंमी. दोन्ही तुकडे टोकाला टोक लावून मोजले की १० सेंमी भरतात, म्हणजे पट्टीचा १०/१२, अर्थात ५/६. मग विचारा, २/५ म्हणजे किती? पाचवा भाग २.४ सेंमी, दोन भाग ४.८ सेंमी. बेरीज नुसत्या अर्ध्यापेक्षाही लहान कशी होईल? इथे मूल थांबतं, पट्ट्या पुन्हा जुळवून पाहतं. समच्छेद शिकवायचा तो यानंतर.

शाब्दिक उदाहरणांत मुलं शब्द हेरतात: 'जास्त' दिसलं की बेरीज. 'मीनाकडे ४५ मणी आहेत, ते राजूच्या मण्यांपेक्षा १२ जास्त आहेत. राजूकडे किती?' उत्तर ३३, पण वहीत ५७ येतं. आधी दोन आडव्या पट्ट्या काढून कोणाची लांब ते ठरवायचं, आकडे मग.

एक तास असेल तर पहिली दहा मिनिटं मागच्या तासाचं काहीही न उघडता आठवून लिहिणं, वीस मिनिटं नवं, वीस मिनिटं मुलाने एकट्याने सोडवणं, उरलेली दहा चुका पाहायला. मूल एकटं सोडवत असताना तुम्ही गप्प राहायचं. शिकवणाऱ्याला हेच सर्वांत जड जातं. आठवून लिहिण्याची दहा मिनिटं कापू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून पाहणाऱ्यांच्या ध्यानात जास्त राहिलं होतं. परत परत वाचलं की येतंय असं वाटतं, ते यामुळे.

चुकांची वेगळी वही ठेवा: तारीख, उदाहरण, कुठे घसरलं ते मुलाच्या शब्दांत. तेच उदाहरण आकडे बदलून दोन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी. तिन्ही वेळा बरोबर आलं की त्यावर काट.

पालकांना दर आठवड्याला तीन ओळी पुरतात: काय जमलं, काय अडलं, घरी कोणती दहा मिनिटं करायची. दुसऱ्या मुलाशी तुलना या ओळींत येऊ देऊ नका.

वर्ष संपायला दीड महिना उरला की ही वही मुलाच्या हातात द्या. पुढे विषयागणिक शिक्षक बदलतील आणि कोणी मागे लागून विचारणार नाही. आज कोणतं उदाहरण काढायचं ते आता मुलाने निवडायचं आणि तारखाही त्यानेच घालायच्या. पहिले काही दिवस मूल सोपीच निवडेल, निवडू द्या.